ओलं उपरणं आणि दीडशे किलोमीटर : रात्रभराच्या रिलेबद्दल

गोदाकाठ

मंडळी, नमस्कार. येत्या मार्गशीर्षात नाशिकमधून दोन संघ उतरवायचं जवळजवळ ठरलंय. त्याआधी गेल्या वर्षीचा अनुभव इथे मांडतो. रात्री रस्त्यावर धावायची, चालायची, गाडी चालवायची ज्यांना सवय आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा, आमच्या चुका दाखवा.

मार्ग असा : गोल्फ क्लब मैदानावरून त्र्यंबक रोड, पेगलवाडी फाट्यावरून डावीकडे वळून पहिने, तिथून घोटी, मग घोटी–सिन्नर रस्त्याने पांढुर्ली, सिन्नर, मोहदरी घाट उतरून शिंदे-पळसे, नाशिकरोड आणि परत मैदान. दीडशेच्या आसपास किलोमीटर. आठ जण, चोवीस टप्पे, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. एका वेळी एकच जण रस्त्यावर. दोन गाड्या, प्रत्येक गाडीत चौघे. एका गाडीचे चौघे धावत असतात तेव्हा दुसरी गाडी पुढे जाऊन जेवते, झोपते. किलोमीटरला सरासरी साडेसहा मिनिटं धरली तर एका गाडीचे चार टप्पे पावणेतीन तासांत होतात. म्हणजे तेवढीच विश्रांती दुसऱ्या गाडीला. त्यातून जेवण, कपडे बदलणं आणि पुढच्या जागेपर्यंतचा प्रवास वजा केला की झोप उरते तास-सव्वा तास.

शनिवारी दुपारी चारला निघालो. मी ब गाडीत, आठव्या क्रमांकावर. संध्याकाळ सगळ्यांचीच छान गेली. अंजनेरीच्या मागे सूर्य उतरत होता आणि सातपूर ओलांडल्यावर वारा गार झाला होता. माझा पहिला टप्पा पहिन्याच्या पुढे, रात्री पावणेनऊला. मोबाईलला रेंज नाही, चांदणं मात्र इतकं की हेडटॉर्च बंद करून धावलो.

दुसरा टप्पा पांढुर्लीपर्यंतचा. खळ्यावर झोडलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास, लांब कुठेतरी मोटार चालू. घड्याळात पहाटेचे तीन वाजायला दहा मिनिटं होती. बॅटन म्हणून आम्ही पांढरं सुती उपरणं घेतलं होतं, खांद्यावरून तिरकं टाकून कमरेशी गाठ. तोवर त्यात सोळा टप्प्यांचा घाम मुरलेला. धावताना त्याचं काही वाटत नाही. पांढुर्लीच्या चौकात मी थांबलो आणि ते पाठीला पत्र्यासारखं गार लागलं, कारण समोर कुणीच नव्हतं.

टपऱ्या बंद. कांद्याचा एक ट्रक गेला. अ गाडी दिसेना, फोन लागेना. मी उपरणं सोडून हातात गुंडाळून धरलं आणि चौकात येरझाऱ्या घालू लागलो. पाच मिनिटांत दात वाजायला लागले. चौदाव्या मिनिटाला गाडीचे दिवे दिसले. ते सहाशे मीटर पुढे, एका बंद हॉटेलच्या आडोशाला, वारा लागू नये म्हणून थांबले होते, आणि सगळेच्या सगळे झोपले होते.

कुणावर राग नाही. पण त्या चौदा मिनिटांत आखडलेली पोटरी सकाळी गांधीनगरपासून पुढे अशी धरली की शेवटचे तीन किलोमीटर निम्मे चालत काढले. साडेआठला मैदानावर पोचलो. धावण्यात आम्ही कुठेच कमी पडलो नाही, बदलात कमी पडलो. त्यातही एका गाडीने दुसऱ्या गाडीकडे द्यायच्या बदलात. यंदा दोन संघ समोरासमोर असतील, तेव्हा हे आधीच सुटलेलं बरं.

रानजाई

त्या गाडीत मी होते. पांढुर्लीला उपरणं मलाच घ्यायचं होतं, म्हणून माझ्याकडून काय झालं ते लिहिते.

रात्री बारानंतर आमचा चौथा धावक आला, आम्ही घोटीच्या पुढे खिचडी खाल्ली आणि पांढुर्लीकडे निघालो. झोपलो तेव्हा पावणेदोन झाले असतील. गजर माझ्या फोनवर लावला होता. फोन पुढच्या सीटखाली चार्जिंगला, आणि मी मागे, कानाला मफलर. चालकदादा दिवसभर कामावर होते आणि तसेच आमच्याबरोबर आले होते, त्यांनाही डोळा लागला. आम्ही पाचही जणांनी मनाशी धरलं होतं की दुसरं कुणीतरी जागं आहे. एका ट्रकच्या हॉर्नने जाग आली.

मग मी डोळे चोळत, काही न खाता, तशीच धावायला लागले. पहिला किलोमीटर पाय माझे नव्हतेच. गोदाकाठ, तुमचे ओठ निळे पडलेले मला दिसले होते आणि तुम्ही गाठ मारून देताना एक शब्द बोलला नाहीत. ते मला अजून लागतं.

कसमादेकर

दोघांचंही वाचलं. हे जे तुम्ही रिले म्हणता ते आमच्या भागातली पोरं दर नवरात्रात करतात. घटस्थापनेच्या आदल्या रात्री मंडळाचा टेम्पो सप्तशृंग गडावर जातो, ज्योत पेटवून घ्यायची आणि रात्रभर धावत गावात आणायची. शिवजयंतीला शिवनेरीहून ज्योत आणणारी मंडळंही अशीच धावतात. मी सतरा वर्षं गडावरून ज्योतीबरोबर धावलो, त्यातली पहिली नऊ अनवाणी.

आमच्यात टप्पा लहान असतो. तीनशे-चारशे मीटर जोरात पळायचं, पुढच्याच्या हातात मशाल द्यायची, टेम्पोत चढायचं. पंचवीस-तीस पोरं असली की पाळी अर्ध्या-पाऊण तासाने येते. मशाल देताना दोघांनी दहा-पंधरा पावलं बरोबर पळायचं, घेणाऱ्याची मूठ घट्ट बसली की मगच देणाऱ्याने सोडायचं. उभं राहून कुणी घेत नाही. गडाचा घाट उतरून नांदुरीला येईपर्यंत नव्या पोरांना हे जमतं, पुढे मग शिकवावं लागत नाही.

आणि ज्योत थांबत नाही. पंक्चर झालं तरी नाही, पाऊस आला तरी नाही. हे शक्य होतं ते एका माणसामुळे, त्याला आम्ही जागल्या म्हणतो. जुन्या काळी गावात रात्रीची राखण करणारा जागल्या असायचा, तोच शब्द. हा माणूस पळत नाही. दुपारी घरी झोपून येतो. रात्रभर चालकाशेजारी बसतो, त्याला बोलतं ठेवतो, पुढची पाळी कुणाची ते हाक मारून सांगतो, तेलाचा डबा आणि काकडे सांभाळतो. पांढुर्लीला तुमच्या गाडीत पाच माणसं होती आणि जागल्या नव्हता, एवढीच गोष्ट आहे. रानजाईताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. धावणाऱ्यावर जागायचं काम टाकायचंच नसतं.

गोदाकाठ

कसमादेकर दादा, जागल्या हा शब्द लहानपणी आजोबांच्या तोंडी ऐकला होता. तो आता संघाच्या कागदावर लिहिला.

लहान टप्प्यांचा विचार आम्हीही केला होता. चारशे मीटरने सरासरी वेग वाढतो यात शंका नाही. पण तुमची ज्योत सहा-सात तासांत गावात पोचते. सोळा तास दर अर्ध्या तासाला उठून पळायचं म्हटलं तर कुणीच झोपत नाही, आणि आठच माणसं असली तर पाळी वीस मिनिटांतच येते. म्हणून लांबच्या रिलेत टप्पे मोठे आणि गाड्या दोन. अमेरिकेतली हूड टू कोस्ट १९८२ साली आठ संघांवर सुरू झाली. माउंट हूड डोंगरावरच्या टिंबरलाइन लॉजपासून ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या सीसाइडपर्यंत साधारण ३२० किलोमीटर, बारा जणांचा संघ, ३६ टप्पे, दोन गाड्या. आमची सगळी आखणी त्याच हिशोबाची, फक्त लहान केलेली.

आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पूर्ण केली. तीही एका अर्थाने रिलेच. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत, एक सायकलवर तेव्हा दुसरा गाडीत. दोन माणसांचा हा पल्ला मागच्या गाडीतल्या लोकांच्या जिवावर होतो. आपण मात्र धावकांची निवड महिनाभर करतो आणि चालक शुक्रवारी रात्री शोधतो.

पिंपळगावकर

मी धावत नाही. पिंपळगाव बसवंतहून वाशीला द्राक्षाची पिकअप घेऊन जातो, वर्षातले चार महिने माझी रात्र रस्त्यावरच जाते. काचेच्या आतून काय दिसतं तेवढं सांगतो.

काळा, निळा टी-शर्ट घातलेला माणूस मला अगदी जवळ आल्यावर दिसतो, आणि तोवर ब्रेकला जागा उरलेली नसते. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या असल्या तर लांबून चमकतात. त्यातही छातीवरच्या पट्टीपेक्षा घोट्याला बांधलेली पट्टी लवकर कळते, कारण ती वर-खाली हलते. हलणारं काही दिसलं की माणूस आहे हे डोक्यात शिरतं. स्थिर पट्टी मैलाच्या दगडासारखी वाटते.

उजव्या बाजूने धावा, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. अप्पर लावलेली गाडी आली की तिच्या दिव्यात बघू नका, नजर खाली साइडपट्टीच्या पांढऱ्या रेघेवर ठेवा, नाहीतर ती गेल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही आणि त्याच वेळी खड्ड्यात पाय जातो. आणि एक विनंती. आपल्या धावकाच्या मागे दहाच्या वेगाने गाडी चालवू नका. घोटी–सिन्नर रस्त्यावर रात्री मालगाड्या जोरात असतात. मागून येणाऱ्याला तुमची गाडी चालू आहे की उभी हे कळत नाही, तो ओव्हरटेक करतो आणि पुढचा धावक त्याला दिसलेलाच नसतो. दोन किलोमीटर पुढे जा, रस्त्याच्या पूर्ण खाली उतरवून उभी करा, इंडिकेटर लावा, तो येऊन पुढे गेला की पुन्हा दोन किलोमीटर.

चालकाने दिवसा सहा तास झोपलेलं असलं पाहिजे. हे मी माझ्या जवळच्या माणसाचा अपघात पाहून लिहितोय. पहाटे तीन ते पाच या वेळात चहा चालत नाही, गाणी चालत नाहीत. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो.

अंजनेरी

माझा प्रश्न बायकांच्या बाजूने. मी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी रात्री चालते, पण तिथे मागेपुढे हजारो माणसं असतात. पहिने-वैतरणेच्या बाजूला एकटीने धावणं घरचे मान्य करतील असं वाटत नाही, आणि मलाही खरं तर भीती वाटते. शिवाय स्वच्छतागृहाचं काय?

रानजाई

अंजनेरी, भीती वाटते हे लिहिलंत ते बरं केलंत. मला पहिल्या टप्प्याला वाटली नव्हती, पांढुर्लीच्या पुढे वाटली.

सिन्नर तालुक्यात आणि दारणाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे हे आपण सगळे जाणतो. मार्गशीर्षात ऊसतोड चालू असते, फड मोकळे होत जातात आणि जनावर जागा बदलत असतं. माझ्या टप्प्यात दोन्ही बाजूंना ऊस होता, एका बाजूचा अर्धा तोडलेला. मी टॉर्च रस्त्यावर धरायची सोडून उसाच्या कडेवर धरली आणि मोठ्याने पाढे म्हणत धावले. एकोणतीसचा पाढा शाळेत असताना कधी पूर्ण आला नव्हता, तो त्या रात्री आला. वनखातं सांगतं तेच खरं : एकट्याने जाऊ नये, आवाज ठेवावा, उजेड ठेवावा, वाकून बसू नये. म्हणून यंदा माझं म्हणणं असं की रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातल्या प्रत्येक टप्प्यात जोडीदार हवा, सायकलवर किंवा पायी. बाईसाठीच नाही, सगळ्यांसाठी. दोन्ही संघांना तोच नियम, म्हणजे कुणाचं नुकसान नाही.

स्वच्छतागृहासाठी आम्ही आदल्या रविवारी गाडीने पूर्ण फेरी मारून रात्रभर उघडे असणारे पेट्रोल पंप वहीत लिहून घेतले होते. पहिने ते घोटीच्या मधे काही नाही, तेव्हा पेगलवाडीलाच उरकून घ्यायचं. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवू नका. मी पहिल्या टप्प्याआधी तेच केलं आणि दुपारच्या उन्हात डोकं धरलं.

कुत्र्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. अंगावर आलं तर पळायचं थांबवून उभं राहायचं, त्याच्याकडे पाठ करायची नाही, हळूहळू पुढे सरकायचं. जोडीदार असला तर बहुतेक कुत्री लांबूनच भुंकतात.

स्टेथो

चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस. संघ सोडून जावं लागलं तरी.

आता धावण्याबद्दल. गोदाकाठ, तुमची पोटरी गारठ्यामुळे आखडली हे बरोबर, पण ओल्या कपड्यांचा वाटा मोठा आहे. टप्पा संपल्यावर पहिल्या पाच मिनिटांत अंगावरचं सगळं ओलं काढून कोरडं घालायचं, मग पाणी, मग खाणं. प्रत्येकाचे तीन जोड तीन वेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर टप्प्याचा क्रमांक. अंधारात बॅग उपसत बसलं की ती पाच मिनिटं तिथेच जातात.

झोपेतून उठल्यावर मेंदू आणि पाय जागेवर यायला साधारण अर्धा तास लागतो. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमानही दिवसातलं सगळ्यात कमी असतं, त्यामुळे त्या वेळेला धावणाऱ्याला तर चाळीस मिनिटं आधी उठवा. उठला की आधी चालायला लावा. कॉफी घ्यायची सवय असेल तर तेव्हाच, कारण तिचा परिणामही अर्ध्या तासानेच जाणवतो.

पाण्याबरोबर मीठ जायला हवं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. चवीला लिंबू पिळा. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं सुरू होतं. लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी पाजतात.

आणि कृपा करून टप्प्यांच्या मधे वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी गोळी अंगात पाणी कमी असताना, लांब धावताना घेतली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ओपीडीत मी हे पाहिलंय. दुखत असेल तर तो टप्पा दुसऱ्याला द्या. संघ त्याचसाठी असतो.

मुक्काम योकोहामा

मूळचा पंचवटीचा, सध्या इथे. उपरण्याचं वाचलं आणि राहवलं नाही.

इथे लांब रिलेला एकिदेन म्हणतात. पहिली १९१७ मध्ये क्योतोहून तोक्योला धावली गेली, पाचशे किलोमीटरच्या वर, तीन दिवस रात्रंदिवस. आता सगळ्यात लाडकी ती हाकोने एकिदेन, विद्यापीठांची, १९२० पासूनची. दोन आणि तीन जानेवारीला दहा मुलं मिळून तोक्यो ते हाकोने आणि परत, २१७ किलोमीटरच्या आसपास. योकोहामातली त्सुरुमी आणि तोत्सुका ही दोन बदलाची ठाणी आहेत, त्यातलं तोत्सुका माझ्या घरापासून जवळ. दर वर्षी जाऊन उभा राहतो.

त्यांच्याकडेही काठी नसते, कापडी पट्टा असतो, तासुकी. तुमच्यासारखाच खांद्यावरून तिरका. येणारा मुलगा शेवटच्या काहीशे मीटरवर तो अंगातून काढतो, एक टोक एका हातात, दुसरं दुसऱ्या हातात, आणि ताणून समोर धरतो. घेणारा चालत्या पायाने तो ओढून घेतो आणि धावता धावता अंगावर चढवतो. गाठ कुणी मारत नाही, ती आधीच मारलेली असते. पुढचा धावक ठरलेल्या वेळेपर्यंत पट्टा आला नाही तर त्याच्याशिवाय, बदली पट्टा घालून सोडला जातो. मागून येणारा मुलगा दमून भागून ठाण्यावर पोचतो आणि त्याचा पट्टा घ्यायला कुणी नसतं. मी ते दोनदा पाहिलंय. पोरं रस्त्यावर कपाळ टेकून रडतात. पांढुर्लीचं वाचताना तेच डोळ्यासमोर आलं.

गोदाकाठ

योकोहामा, गाठ आधीच मारून ठेवायची हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. रानजाईला मी थरथरत्या हातांनी गाठ मारून देत होतो, त्यातच अर्धं मिनिट गेलं असेल. चोवीस टप्प्यांत तेवीस बदल, म्हणजे अकरा-बारा मिनिटं नुसती गाठींची. उपरणं बदलून कोरडं घ्यायचं का, हा विचार मात्र सोडून दिला. स्टेथो म्हणतात तसं आतला शर्ट प्रत्येकाचा स्वतःचा, कोरडा. उपरणं तेच राहील.

आतापर्यंत ठरलेलं : रात्री दहा ते सहा जोडीदार. गाडी धावकाच्या मागे नाही, पुढे. बदलाची जागा आदल्या आठवड्यात पाहून ठेवलेली, आणि गाडी तिथून आडोशाला हलवायची असेल तरी एक माणूस टॉर्च घेऊन त्या जागेवर उभा. रेंज असो वा नसो. प्रत्येक गाडीत जागल्या, प्रत्येक गाडीत दिवसा झोपलेला चालक. चार गाड्या म्हणजे आठ माणसं जी धावणार नाहीत. धावणारे सोळा मिळालेत, ही आठ अजून मिळायची आहेत.

पिंपळगावकर

मार्गशीर्षात द्राक्षाचा हंगाम भरात नसतो. मी एक गाडी चालवतो. रानजाईताईंच्या गाडीला द्या मला.

कसमादेकर

जागल्या म्हणून माझं नाव लिहा. पळणं पाच वर्षांपूर्वी थांबलं, जागणं अजून जमतं. पण आधी एकदा तुमच्या पोरांचा बदल मला बघायचाय. उभ्याने घेणार असाल तर मी येणार नाही.

गोदाकाठ

येत्या रविवारी पहाटे पाचला पेगलवाडी फाट्यावर या दादा. सोळाही जण असतील. उपरणी दोन आणतो, गाठी घरूनच मारून.